पोपटाची नखे कापावी काय?

पिंजऱ्यातला पक्षी धीट होऊन खांद्यावर येऊन बसू लागला, की घरातल्या मंडळींना त्याचे मोठे कौतुक वाटते. आणि बहुधा त्याच सुमारास त्याच्या नखांविषयीची पहिली तक्रारही कानी पडते. पक्षी गजांपलीकडे होता तोवर त्याला नखे आहेत याची कोणी दखलही घेतलेली नव्हती. आता मुलांच्या मनगटांवर बारीक रेघा उमटतात, आईच्या पदराचा धागा ओढला जातो, आणि जेवायला बसल्यावर कोणीतरी सहज म्हणून जाते, "एकदा याची नखं कापून टाका पाहू!" एवढ्यात खटला चालून निकालही लागलेला असतो. फिर्यादी माणूस, न्यायाधीशही माणूसच. ज्याच्या पायांचा प्रश्न, त्याची साक्ष मात्र कोणी काढलेली नसते.

ही साक्ष काढावी कशी, हा विचार करण्याजोगा विषय आहे. विषय लहान आहे हे खरे; पण ज्या प्राण्याच्या बाबतीत तो निघतो तो प्राणी इतका लहान आहे, की त्याच्या बाबतीत झालेली चूक लहान राहत नाही.

पोपट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवागार, लाल चोचीचा, गळ्यात गुलाबी कंठी घातलेला राघू उभा राहतो. पेरूची फोड आणि हिरवी मिरची त्याच्यामागून ओघाने आलीच. परंतु त्या राघूला पिंजऱ्यात ठेवण्याचे दिवस आता गेले. भारतातील रानच्या पोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यांना पकडणे, विकणे वा घरी कोंडून ठेवणे आज कायद्याला मान्य नाही. घरोघरच्या पिंजऱ्यांत आता दिसतो तो बजरिगार, म्हणजेच मुलांच्या तोंडी असलेला 'बजी'. बाजारात याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. वास्तविक ते नाव आफ्रिकेतल्या निराळ्याच पोपटांचे. पण बाजाराला नावाची फारशी पर्वा नसते. बजरिगार मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचे जिवंत पक्षी इंग्लंडास नेले, आणि पुढे जगभरच्या पिंजऱ्यांत त्याचा प्रसार झाला. लांबी जेमतेम १८ सेंटिमीटर, आणि रानातल्या पक्ष्याचे वजन ३० ते ४० ग्रॅम. म्हणजे एका लहानशा कागदी लिंबाएवढे.

या पक्ष्याच्या मूळच्या दिनक्रमात नखे कापण्याचा प्रश्न कधीच उद्भवत नाही. पाणी आणि गवताचे बी यांच्या शोधात त्याचे थवे मैलोगणती भटकतात. तो जमिनीवर उतरून दाणे टिपतो, युकॅलिप्टसच्या खरबरीत खोडांवर चढउतार करतो, ढोलीत घरटे करतो आणि तिच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येऊन बिलगतो. त्याच्या प्रत्येक पायाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. पायाचा जणू चिमटाच झालेला असतो. या चिमट्याला पकड येते ती नखांच्या टोकांमुळे. नख जन्मभर वाढत राहते आणि खरबरीत सालीवर जन्मभर झिजत राहते. वाढ आणि झीज यांचा हा हिशेब रानात आपोआप जुळतो.

पिंजऱ्यात तो जुळत नाही, कारण तेथे वाढ कायम राहते आणि झीज तेवढी थांबते. दुकानातून आणलेल्या पिंजऱ्यात बहुधा दोन दांड्या असतात, दोन्ही एकाच जाडीच्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, पुष्कळदा प्लॅस्टिकच्या. माणसाच्या डोळ्याला त्या नीटनेटक्या दिसतात. पक्ष्याला मात्र अहोरात्र एकाच जाडीच्या काठीवर, एकाच ठिकाणी भार देऊन उभे राहावे लागते, आणि त्याच्या नखांना घासायला काहीच मिळत नाही. नखे वाढली म्हणून कात्री शोधण्याआधी या दांड्यांकडे एकवार पाहिले, तर निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच सापडेल.

कात्रीविषयी इतका संकोच का, हे समजण्यासाठी नखाची रचना ध्यानात घ्यावी लागते. बाहेरून दिसते ते शिंगासारखे निर्जीव कवच; त्याच्या आत बोटाच्या शेवटच्या हाडाचे टोक, आणि त्या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला सजीव भाग. या सजीव भागाला मराठीत 'जिव्हाळी' असा मोठा समर्पक शब्द आहे. न्हाव्याची नराणी जरा खोल गेली की जिव्हाळी लागली असे जुनी माणसे म्हणत, आणि बोट झटकून पुढच्या कामाला लागत. माणसाला ते परवडते. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके रक्त असते. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात म्हणजे सगळे मिळून साडेतीन मिलिलिटर. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर तोही त्याने भरणार नाही. थेंबांनी मोजले तर सत्तरच्या आसपास थेंब झाले. निरोगी पक्षी त्यातले सहा-सात थेंब गमावून तग धरतो. पुढे मात्र प्रत्येक थेंबाबरोबर धोका वाढत जातो. कापताना जिव्हाळी लागलेले आणि वेळीच न आवरलेले एक नख रात्रीतून किती ठिबकेल, याचा अंदाज यावरून ज्याचा त्याने करावा.

जिव्हाळी कोठवर आली आहे हे प्रत्येक पक्ष्यात दिसतेच असेही नाही. पिवळ्या किंवा पांढऱ्या बजीची नखे फिकट असतात; उजेडापुढे धरली की आतली गुलाबी रेघ स्पष्ट दिसते. पुष्कळशा हिरव्या-निळ्या पक्ष्यांची नखे काळपट असतात, आणि तेथे आतले काहीच दिसत नाही. शिवाय नख वाढले की त्याच्यामागोमाग जिव्हाळीही पुढे सरकते. म्हणून सर्वांत लांब वाढलेले नख एका दमात 'बेताचे' करू पाहणे, हाच सर्वांत धोक्याचा मार्ग ठरतो.

एवढे समजले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. नखे कापावी कशी, हा पुढचा भाग. ती कापण्याची गरज आहे की नाही, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवण्याची रीत स्पष्ट व्हावी म्हणून एखाद्या घराची कल्पना करू. दिल्लीत अनेक वर्षे राहिलेले एक मराठी कुटुंब आहे. नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा दिवसभर घरी असतात, आणि त्यांची दहा वर्षांची नात शाळेतून आली की हिरव्या बजीला खांद्यावर घेऊन हिंडते. पक्ष्याचे नाव मिठू.

एके दिवशी ती मनगट पुढे करून म्हणते, "आजोबा, मिठूची नखं फार टोचतात. कोपऱ्यावरचा पक्षीवाला कापून देतो म्हणे."

"टोचतात कोणाला? तुला की त्याला?"

"मला."

"मग आधी त्याला विचारू या."

पक्षीवाल्याचा हात सराईत असतो हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच्यापुढे पक्षी गेला की तो आठही नखे कापून देतो, कारण त्याला सांगितलेले काम तेवढेच असते. कोणते नख, किती आणि का, हे त्याला कोणी विचारीत नाही. घरच्या माणसाजवळ त्याच्यापेक्षा एक मोठे साधन असते, ते म्हणजे वेळ. आजोबांनी तो वापरला. आठवडाभर त्यांनी पक्ष्याला हातही न लावता नुसते पाहिले.

पहिली साक्ष दांडीवरची. पक्षी निवांत बसलेला असताना डोळे त्याच्या पायांच्या पातळीवर आणून बाजूने पाहावे. नखे बेताची असतील तर बोटांच्या तळव्याकडच्या गाद्या लाकडाला पूर्ण टेकलेल्या असतात आणि नख एका साध्या, डौलदार बाकाने खाली वळते. हा बाक अर्धवर्तुळाच्या पलीकडे जाऊ लागला, नख मळसूत्रासारखे पिळवटू लागले किंवा एका अंगाला कलले, तर ते वाढलेले आहे असे खुशाल समजावे. दुसरी साक्ष सपाट जागेवरची, आणि बहुतेक वेळा तीच निर्णायक ठरते. पक्ष्याला टेबलावर चालू द्यावे. बोटे जवळजवळ सपाट टेकत असतील तर तक्रारीला जागा नाही. नखांच्या टोकांवर भार पडून बोटाचा शेंडा वर उचलला जात असेल, तर नख पायाच्या आड येऊ लागले आहे. असे फार दिवस चालले तर बोटाच्या सांध्यावर अकारण ताण पडतो.

तिसरी साक्ष वागणुकीची. पिंजऱ्याच्या जाळीतून पाय सोडवण्यासाठी पक्ष्याला झटका द्यावा लागतो काय, चढताना तो अडखळतो काय, दांडीवर उतरल्यावर त्याचा पाय घसरतो काय, हे पाहावे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दिल्लीच्या हिवाळ्यात माणसे विणलेले स्वेटर घालतात, आणि लोकरीच्या सैल टाक्यांत अगदी निकोप नखही अडकते; टर्किश टॉवेलाची गोष्टही तीच. तेवढ्यावरून नखाला दोषी ठरवणे न्यायाचे होणार नाही. घट्ट विणीच्या साध्या सुती कापडावरही नख वारंवार अडकू लागले तर मात्र ती साक्ष ग्राह्य धरावी.

या सर्व पाहणीत एक भेद सतत मनात ठेवावा लागतो, तो टोकदार नख आणि लांब नख यांमधला. माणसाला टोचते ते टोकदार नख. पक्ष्याला जाचते ते लांब नख. पुष्कळदा सर्वांत टोकदार नखे कोवळ्या, चपळ पक्ष्यांचीच असतात, आणि त्यांत गैर काहीच नसते. ते टोक काढून टाकले तर मुलीचे मनगट वाचते, पण गुळगुळीत दांडीवरची पक्ष्याची पकड जाते. पकड गेलेला पक्षी रात्री एखाद्या आवाजाने दचकला, तर अंधारात खाली कोसळतो.

आजोबांच्या पाहणीचा निष्कर्ष असा निघाला, की आठपैकी सात नखांविषयी काही करण्याचे कारण नव्हते. ती टोकदार होती, पण बोटे टेबलावर सपाट टेकत होती. आठवे मात्र निराळे निघाले. डाव्या पायाच्या मागच्या बोटांपैकी बाहेरचे बोट पूर्वी कधीतरी दुखावले गेले असावे. ते दांडीला टेकतच नव्हते. जे टेकत नाही ते झिजत नाही. त्याचे नख बाहेरच्या अंगाला वळून आकड्यासारखे झाले होते, आणि त्या आठवड्यात ते दोनदा जाळीत अडकलेले नातीनेच पाहिले. दुसऱ्या खेपेस पक्षी काही क्षण एका पायावर उलटा लोंबकळत राहिला. घरात कोणी नसताना असे घडले असते, तर धडपडीत नख तुटले असते किंवा पायच मोडला असता. ज्या नखाची कोणी तक्रार केली नव्हती, खरा धोका नेमका त्याच नखात दडलेला होता.

कापण्याची गरज अशी सिद्ध झाल्यावरही आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो: नख वाढले का? मिठूच्या बाबतीत उत्तर समोर दिसत होते, कारण एकच बोट अधू होते. पण आठही नखे एकाएकी वाढू लागली आणि त्यांच्याबरोबर वरची चोचही लांबू लागली, तर गोष्ट निराळी असते. वर्षानुवर्षे केवळ राळे आणि बाजरी यांवर पोसलेल्या, पिंजऱ्यातच बसून राहणाऱ्या, अंगाने सुटलेल्या बजीमध्ये यकृताचा विकार पुष्कळ आढळतो, आणि त्याची एक खूण म्हणजे चोच व नखे यांची अतोनात वाढ. नखांच्या किंवा चोचीच्या आत काळपट-तपकिरी डाग दिसू लागले तर संशय अधिकच बळावतो. अशा पक्ष्याची नखे दर महिन्याला कापीत राहणे म्हणजे तापाची चौकशी न करता अंगावर ओले फडके टाकीत बसण्यासारखे आहे. खूण नाहीशी होते आणि रोग तसाच आत राहतो. दुसरे एक कारण सूक्ष्म किड्याचे असते. चोचीच्या बुडाशी, डोळ्यांभोवती आणि पायांवर भुरकट, पोळ्यासारखी सच्छिद्र खपली धरते, व चोच आणि नखे वेडीवाकडी वाढतात. त्यावर औषध आहे आणि ते गुणकारीही आहे, पण एवढ्याशा जिवाला त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवून द्यावी. म्हणून नखे पाहताना चोच पाहावी, चेहरा पाहावा, आणि स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर आठवड्यातून एकदा पक्ष्याचे वजन करून वहीत टिपून ठेवावे.

आठवे नख कापण्यासाठी आजोबांनी वैद्याची वाट धरली, आणि नख काळे असल्यामुळे ते योग्यच झाले. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्था देशात आहेत. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे, मुंबईस परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. लहान गावांतून मात्र बहुधा गुरांचा डॉक्टर तेवढा भेटतो, आणि त्याला पक्ष्यांचा सराव असेलच असे नाही. तेव्हा कापणे घरी करावयाची पाळी आलीच, तर पशुवैद्य काय करतात हे ठाऊक असलेले बरे.

ते आधी दारे-खिडक्या लावून घेतात आणि छताचा पंखा बंद करवतात. हातातून सुटलेला पक्षी आणि फिरता पंखा यांची गाठ पडली तर पुढे नखांचा प्रश्नच उरत नाही. पक्षी पातळ फडक्यात धरतात, डोके अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये हलकेच आवरून, आणि छातीवर बोटाचाही दाब न देता. माणसाप्रमाणे पक्ष्याला श्वासपटल नसते. त्याचा श्वास छातीचे हाड वरखाली होण्यावर चालतो. ते दाबून धरले तर पक्षी ओरडूही शकत नाही आणि हातातल्या हातात गुदमरतो. भीतीने नव्हे, तर प्रेमाने घट्ट धरल्यामुळे असे किती पक्षी दगावले असतील! त्यानंतर लहान, धारदार कात्रीने टोकाचा एक मिलिमीटरभर तुकडा घेतात आणि थांबतात. अधिक कापणे आवश्यक असेल तर ते दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण थोडेथोडे कापीत गेले की जिव्हाळीही मागे हटत जाते. रक्त थांबवणारी पूड आधीच उघडून हाताशी ठेवलेली असते. घरी ती नसेल तर मक्याचे बारीक पीठ चिमटीने नखाच्या टोकावर दाबून धरावे. काही मिनिटांत रक्त थांबले नाही तर अन्य उपाय करीत न बसता पक्ष्याला डॉक्टरकडे न्यावे. हे सर्व एक-दोन मिनिटांत उरकले पाहिजे. पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, तर काम अर्धे राहिले तरी त्याला सोडून द्यावे. नख काही कोठे पळून जात नाही.

मिठूचे आठवे नख वैद्यांनी दोन खेपांत कापले, आणि ते बोट टेकत नसल्यामुळे दर काही आठवड्यांनी ते पाहावे लागेल असेही सांगितले. उरलेल्या सातांसाठी त्यांनी कात्री उचललीच नाही. नातीची थोडी निराशा झाली. तिच्यासाठी आजीने जुन्या चादरीच्या दुहेरी कापडाची एक घडी शिवून दिली. मिठू खांद्यावर यायचा असला की ती घडी आधी खांद्यावर पडू लागली.

पिंजऱ्यातल्या दांड्या मात्र बदलायच्या होत्या. बाजारात दांडीवर चढवण्याचे वाळूच्या कागदाचे खोळ मिळतात आणि नखे झिजवण्याचा सोपा उपाय म्हणून ते खपतातही. त्यांनी नखांपेक्षा तळवे अधिक झिजतात, आणि पुढे तळव्यांना फोड येऊन पायच जायबंदी होतो. सिमेंटची खरबरीत दांडी एखादी असावयास हरकत नाही. पण ती दाण्यांच्या वाटीजवळ, येता-जाता बसण्यापुरती. पक्षी रात्र काढतो त्या वरच्या जागी ती नको. उत्तम म्हणजे झाडाची फांदी. शेजारच्या बंगल्यातल्या पेरूवर कधी कीटकनाशक मारीत नाहीत याची खात्री करून आजोबांनी तिच्या तीन फांद्या आणल्या. एक सेंटिमीटरपासून दोन सेंटिमीटरपर्यंत कमीअधिक जाडीच्या, वाकड्या, सालीसकट. त्या धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि एकेक करून पिंजऱ्यात बसवल्या. जुनी एक दांडी ओळखीसाठी तशीच ठेवली.

नातीने मोबाइलवर मिठूच्या पायांचे बाजूने एक छायाचित्र काढून ठेवले, पंधरा दिवसांनी दुसरे काढून ताडून पाहता यावे म्हणून. पहिले दोन दिवस मिठू नव्या फांद्यांकडे फिरकला नाही. जुन्या दांडीच्या टोकाशी अंग चोरून बसला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढले तेव्हा तो सर्वांत वाकड्या फांदीवर बसून तिची साल सोलीत होता, आणि खाली वर्तमानपत्रावर सालीचा चुरा पडला होता.